मैदानात बसलेल्या बायका

एका गावच्या रात्रीच्या वर्गात आम्ही जगाचा नकाशा भिंतीला लावला होता. काठीने आफ्रिका खंड दाखवीत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका आजीबाईंनी विचारले,

“गुरुजी, तिकडच्या बायका काय करतात हो?”

आम्ही म्हणालो, “आजी, तुम्ही करता तेच. शेत करतात, बाजार करतात, पोरंबाळं सांभाळतात.”

“आन् राज्यकारभार?”

वर्गात हशा पिकला. पण आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “हसू नका रे. औंदा मतदानाच्या वहीत मी अंगठा नाही उठवला. सही केली. म्हणून इचारते.”

आजींचा प्रश्न लहान होता; पण त्याचे उत्तर लहान नाही. आफ्रिका हा एक देश नव्हे. त्यात पन्नासाहून अधिक देश आहेत. प्रत्येकाची गोष्ट निराळी. त्यांतल्या एका देशाची गोष्ट आम्ही आजींना सांगितली. तीच येथे लिहीत आहोत. त्या देशाचे नाव लायबेरिया.

१. देश कोठे आहे?

मुंबईच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडला की आफ्रिकेचा पूर्व किनारा लागतो. तेथून सारा खंड आडवा ओलांडावा, म्हणजे पश्चिमेचा किनारा येतो. त्या किनाऱ्यावर लायबेरिया आहे. आपल्या महाराष्ट्राचे तीन सारखे भाग केले, तर त्यातल्या एका भागाहून हा देश थोडा मोठा भरेल. २०२२ च्या शिरगणतीत तेथे सुमारे ५२ लाख माणसे होती. राजधानीचे नाव मोनरोव्हिया.

पाऊस कोकणासारखा धो धो पडतो. लोकांचे मुख्य अन्न भात. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात, तो कंदही ते खातात. रबराचे मोठमोठे मळे आहेत. जमिनीत लोखंडाची खनिजे आहेत. आणि बाजार? बाजार आहे बायकांच्या हाती. भाजी, मासळी, तांदूळ, मिरची घेऊन बायका बसतात. पाठीला मूल बांधलेले, आणि पुढ्यात माल मांडलेला.

अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम करून ठेवले होते. त्यांतले काही जण मोकळे झाले. १८२२ सालापासून ते जहाजांनी या किनाऱ्यावर येऊन राहू लागले. १८४७ साली त्यांनी स्वतंत्र देश जाहीर केला. पण देशात आधीपासून राहणारे पुष्कळ लोक होते. त्यांच्या हाती सत्ता आली नाही. बाहेरून आलेल्या थोड्या घराण्यांनीच सव्वाशेहून अधिक वर्षे राज्य केले. १९४६ साली बायकांना मताचा हक्क मिळाला. पण मतासाठी मालमत्तेची अट होती. गरिबाला तो हक्क नावापुरताच.

तरी या देशातल्या बायका कर्तबगार. १९५३ साली आपल्या विजयालक्ष्मी पंडित संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. जगातल्या साऱ्या देशांची ही सभा. त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली स्त्री. पुढे त्या महाराष्ट्राच्या राज्यपालही झाल्या. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर दुसरी स्त्री बसली ती १९६९ साली. ती कोण? लायबेरियाच्या अँजी ब्रूक्स.

पण एक बाई उंच खुर्चीवर बसली म्हणून गावातल्या बाईचे दिवस पालटतात असे नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

२. चौदा वर्षांची आग

१९८० साली लायबेरियात सैनिकांनी बंड केले आणि राष्ट्राध्यक्षाला ठार मारले. बंदुकीने एक राज्य गेले, बंदुकीनेच दुसरे आले. मग बंदुकीला चटक लागली. १९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलर नावाचा पुढारी आपली टोळी घेऊन सरहद्दीवरून देशात घुसला. यादवी सुरू झाली. यादवी म्हणजे घरातल्या घरात लढाई. भाऊ भावाला मारतो, शेजारी शेजाऱ्याचे घर जाळतो.

मध्ये काही दिवस लढाई थांबली. १९९७ साली निवडणूक होऊन टेलर राष्ट्राध्यक्ष झाला. दोन वर्षांत आग पुन्हा भडकली. १९८९ ते २००३ या चौदा वर्षांत सुमारे अडीच लाख माणसे मेली असा अंदाज आहे. तेव्हा देशाची वस्ती तीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे बारा माणसांमागे एक गेले. आपल्या आळीतली बारा माणसे डोळ्यांपुढे आणा आणि त्यातले एक पुसून टाका. मग हा आकडा कळेल.

आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. त्यांना नशा चारून लढायला पाठविले. बायकांवर अत्याचार झाले. लाखो लोक घरदार सोडून निघाले. खरे सांगायचे तर काही बायकांनीही बंदुका उचलल्या होत्या. बाई म्हणजे शांत आणि पुरुष म्हणजे भांडखोर, इतके सोपे ते नव्हते. पण घर चालवायचा भार बहुतेक बायकांवरच आला. लढाईच्या रेषा ओलांडून बाजारवाल्या बायका खेड्यांतून माल आणीत आणि शहराला खाऊ घालीत. वाटेत कधी लुटल्या जात, कधी मारल्या जात.

या बायकांना कोणी विचारीत नव्हते. लढाई कधी करायची, कधी थांबवायची, हे ठरविणारे पुरुष बंदूकवाले होते.

३. मासळी बाजाराजवळचे मैदान

लेमा बोवी या अशाच एक तरुण आई. लढाई सुरू झाली तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. शाळा नुकतीच संपली होती. पुढे त्या समाजसेवेचे काम शिकल्या. ज्या पोरांना लढाईत ओढले होते, त्यांना माणसांत आणायचे काम त्या करू लागल्या. ते करताना त्यांच्या मनाने घेतले की, लढाई थांबवायची तर आयांनीच उठले पाहिजे.

त्या ख्रिस्ती. चर्चमधल्या बायकांना त्यांनी जमविले. एका सभेत आसाटू बा केनेथ नावाच्या पोलीस अधिकारी आल्या होत्या. त्या मुसलमान. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, आम्ही मुसलमान बायकाही तुमच्याबरोबर येऊ. काही जणींना शंका आली. यांच्याबरोबर कसे बसायचे? तेव्हा विचार निघाला की, बंदुकीची गोळी काय धर्म विचारून लागते? मग चर्चमधून, मशिदीतून, बाजारातून बायका गोळा झाल्या.

२००३ च्या एप्रिल महिन्यात राजधानीत मासळी बाजाराजवळच्या एका मैदानात त्या येऊन बसल्या. जागा मुद्दाम निवडली होती. राष्ट्राध्यक्ष टेलरच्या मोटारी त्याच रस्त्याने जात. बायकांनी पांढरे कपडे घातले होते. डोक्याला पांढरे फडके. अंगावर दागिना नाही, नट्टापट्टा नाही. श्रीमंत बाई आणि गरीब बाई ओळखू येऊ नये, सगळ्या सारख्या दिसाव्यात, असा त्यांचा हेतू होता.

त्यांची मागणी मोठी नव्हती. त्यांनी सत्ता मागितली नाही, पैसा मागितला नाही. त्या म्हणत होत्या, लढाई थांबवा, बोलणी करा, आणि परदेशी शांतिसेना येऊ द्या. एवढेच.

रोज सकाळी त्या येत. डोक्यावर ऊन तापे, मग पाऊस कोसळे. बायका हलत नसत. ज्यांना वाचता येत नव्हते त्याही फलक धरून बसत. फलकावर काय लिहिले आहे ते त्यांना तोंडपाठ होते. काही बायकांनी नवऱ्यांना सांगितले की, लढाई थांबेपर्यंत आम्ही शेजेला येणार नाही. या गोष्टीचा परगावी फार गवगवा झाला. पण लेमाबाईंनी पुढे स्पष्टच सांगितले की, खरे काम झाले ते रोज रोज मैदानात बसण्याने.

शेवटी २३ एप्रिलला टेलरने त्यांना भेटीला बोलाविले. हजारो बायका त्याच्या वाड्याकडे चालत गेल्या. लेमाबाईंनी निवेदन वाचले. आम्ही लढाईला थकलो, पळून पळून थकलो, पोरांच्या उद्याच्या काळजीने आज उभ्या आहोत, असे त्यात होते. टेलरने बोलणी करायचे कबूल केले. बंडखोरांचे पुढारी शेजारच्या सिएरा लिओन देशात होते. काही बायका तेथे गेल्या आणि त्यांच्याकडूनही कबुली घेऊन आल्या.

४. दारात धरणे

बोलणी ४ जून २००३ रोजी घाना देशाच्या अक्रा शहरात सुरू झाली. बायकांना वाटले, आता काम झाले. पण कसचे काय! पुढारी चांगल्या हॉटेलांत उतरले होते. कोणाला कोणते खाते, कोणाला कोणती खुर्ची, यावरच घासाघीस चालली होती. दीड महिना असाच गेला. इकडे मोनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलै महिन्यात आसऱ्याला आलेल्या लोकांवर गोळे पडून माणसे मेली. ती बातमी अक्राला पोचली.

मग लेमाबाई आणि त्यांच्या सोबतिणी सभेच्या जागी गेल्या. घानात निर्वासितांच्या छावण्यांतून राहणाऱ्या लायबेरियन बायकाही त्यांच्याबरोबर होत्या. सभागृहाच्या दारात त्या खाली बसल्या. हातात हात गुंफले. आत निरोप धाडला की, करार केल्याशिवाय आतले कोणी बाहेर पडायचे नाही.

पहारेकरी आले. लेमाबाईंना पकडून नेऊ म्हणाले. तेव्हा त्या डोक्याचे फडके सोडून अंगावरची वस्त्रे उतरवू लागल्या. त्या मुलखात अशी समजूत आहे की, रागावलेल्या आईने भर सभेत वस्त्र टाकले तर तो मोठा शाप होय. पहारेकरी मागे सरले. आमच्या वर्गात हे सांगितले तेव्हा सारे गप्प झाले. आजी तेवढ्या हळूच म्हणाल्या, “लई सोसलं असंल माय तिनं.”

बोलणी घडवून आणणारे मध्यस्थ होते नायजेरिया देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल अब्दुलसलामी अबूबकर. ते बाहेर आले. आतला एक पुढारी बायकांना लाथाडून बाहेर पडू पाहत होता. अबूबकर यांनी त्याला सुनावून आत पाठविले. मग त्यांनी बायकांशी बोलणे केले. बायकांनी अटी घातल्या. पुढाऱ्यांनी रोज बैठकीला बसावे. आम्हांला वाटेत अपशब्द बोलू नये. नाहीतर आम्ही पुन्हा येऊ, आणि जास्त जणी येऊ.

त्यानंतर बोलण्यांचा सूर पालटला. बाहेरच्या देशांचाही दाब वाढला होता. ११ ऑगस्टला टेलर सत्ता सोडून परदेशी गेला. १८ ऑगस्ट २००३ रोजी शांततेच्या करारावर सह्या झाल्या. एकट्या बायकांनीच लढाई थांबविली असे आम्ही म्हणत नाही. पण बायका दारात बसल्या नसत्या, तर आणखी किती दिवस आणि किती जीव गेले असते, कोणी सांगावे?

५. मत कोण देणार?

करार झाला तरी बायका घरी गेल्या नाहीत. त्यांनी विचार केला, आजवर लढाईत नेमलेले लोक राज्य करीत आले. आता निवडणूक होणार आहे. त्यात आपण नाही शिरलो तर पुन्हा तेच लोक येतील.

२००५ साली मतदारांची नावे नोंदवायचे काम सुरू झाले. पहिल्या दिवसांत बायका फार थोड्या आल्या. का आल्या नाहीत? त्यांना मत नको होते का? तसे नव्हते. कार्यकर्त्या बायका बाजारात गेल्या आणि विचारू लागल्या. उत्तरे साधी होती. माल सोडून जाऊ कशी? पोर कोणाजवळ ठेवू? नोंदणी कोठे आहे ते ठाऊक नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी भाषणे दिली नाहीत. त्या म्हणाल्या, “तू जा, नाव नोंदवून ये. तोवर तुझ्या मालावर मी बसते. पोर मी धरते.” एक बाई गेली, दुसरी गेली, रांग लागली. नोंदणी संपली तेव्हा मतदारांत जवळजवळ निम्म्या बायका होत्या.

वाचकहो, या गोष्टीवर आम्ही मुद्दाम थांबतो. राजकारण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, हार आणि मोटारी येतात. पण शेजारणीचे पोर तासभर सांभाळले आणि तिला मतदाराच्या यादीत नाव घालायला पाठविले, तर तेही राजकारण आहे. ते कोणालाही करता येते. त्याला पैसा लागत नाही.

त्या निवडणुकीला २२ उमेदवार उभे होते. त्यांत एलेन जॉन्सन सरलीफ होत्या. त्यांच्या दोन्ही आज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आई शिक्षिका होती. सतरा वर्षांच्या असताना एलेनबाईंचे लग्न झाले. चार मुलगे झाले. त्या अमेरिकेत जाऊन शिकल्या. देशाच्या अर्थमंत्री झाल्या. सैनिकी राजवटीवर त्यांनी टीका केली म्हणून १९८५ साली त्यांना तुरुंगात टाकले होते. १९९७ च्या निवडणुकीत त्या टेलरसमोर उभ्या राहून हरल्या होत्या.

आता त्यांच्यासमोर होते जॉर्ज वेआ. ते जगप्रसिद्ध फुटबॉल खेळाडू. तरुण पोरे त्यांच्यामागे. पहिल्या फेरीत वेआ पुढे होते. शंभरांतली २८ मते त्यांना आणि सुमारे २० एलेनबाईंना. कोणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत म्हणून दोघांत दुसरी फेरी झाली. ८ नोव्हेंबर २००५ चा दिवस. त्या फेरीत शंभरांतली ५९ मते एलेनबाईंना पडली. बाजारवाल्या बायकांनी त्यांच्यासाठी जिवाचे रान केले होते.

१६ जानेवारी २००६ रोजी त्यांनी शपथ घेतली. आफ्रिका खंडात निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झालेली ती पहिली स्त्री. २०११ साली एलेनबाई आणि लेमाबाई या दोघींना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. येमेन देशाच्या तवक्कुल करमान याही त्यांच्या जोडीला होत्या.

६. राज्य चालविताना

एलेनबाई बारा वर्षे राष्ट्राध्यक्ष होत्या. त्यांच्या हाती देश आला तेव्हा तो भाजून निघाला होता. राजधानीत नळाला पाणी नाही, तारेत वीज नाही, सरकारावर डोंगराएवढे कर्ज. पुढच्या चार-पाच वर्षांत सावकार देशांनी त्यातले बहुतेक कर्ज माफ केले. बलात्काराविरुद्ध कडक कायदा २००६ सालापासून लागू झाला. वकील स्त्रियांच्या संघटनेने त्यासाठी खटपट केली होती. काही बाजार नव्याने बांधले गेले. बाजारवाल्या बायकांसाठी तुमच्यासारखेच साक्षरतेचे वर्गही निघाले.

येथे आपल्या देशाचाही थोडा हात लागला आहे. २००७ साली भारताने आपल्या महिला पोलिसांची एक तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लायबेरियाला पाठविली. शंभराहून अधिक जणी होत्या. साऱ्या स्त्रियांची अशी तुकडी जगात पहिल्यानेच निघाली. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीवर त्यांचा पहारा असे. दरवर्षी नव्या जणी जात आणि जुन्या परत येत. २०१६ पर्यंत हे काम चालले. गणवेशातल्या त्या बायका पाहून तेथल्या मुलीही पोलिसांत भरती होऊ लागल्या.

चांगले सांगितले, तसे वाईटही सांगितले पाहिजे. टेलरने बंड केले तेव्हा सुरुवातीला एलेनबाईंनी त्याला पैशाची मदत केली होती. पुढे त्यांनी ती चूक कबूल केली. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी आपल्या मुलांना मोठ्या जागा दिल्या. लोकांत नाराजी झाली. लाचलुचपतही थांबली नाही. तेव्हा उघड कोण बोलले? लेमा बोवी बोलल्या. २०१२ साली त्यांनी सरकारी आयोगातली जागा सोडली आणि एलेनबाईंवर जाहीर टीका केली. एक वर्षापूर्वीच दोघींनी एकत्र पारितोषिक घेतले होते.

काही जण म्हणाले, “बघा, बायका बायकांतच भांडतात.” आम्हांला तसे वाटत नाही. आपण निवडून दिलेल्या माणसाला जाब विचारणे, मग तो पुरुष असो की बाई, हा लोकशाहीचा जीव आहे. बाई आहे म्हणून तिला मत द्या, असे लेमाबाईंनी सांगितले असेल. पण बाई आहे म्हणून तिच्या चुका पोटात घाला, असे त्यांनी सांगितले नाही.

मुदत संपल्यावर एलेनबाईंनी खुर्ची धरून ठेवली नाही. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी जॉर्ज वेआ यांच्या हाती कारभार दिला. एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याच्या हाती गोळी न झाडता राज्य सोपवावे, असे त्या देशात सत्तराहून अधिक वर्षांनी घडत होते.

७. खुर्च्या कमीच का?

आता आजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर. राज्यकारभारात तिकडच्या बायका किती?

लायबेरियाच्या संसदेच्या खालच्या सभागृहात ७३ जागा आहेत. त्यांत २०११ साली ८ बायका निवडून आल्या. २०१७ साली ९. २०२३ साली पुन्हा ८. म्हणजे देशाला लढाईतून बाहेर काढणाऱ्या बायका, मतदारांत निम्म्या असलेल्या बायका, कायदे करायच्या जागी नवातही एक नाहीत.

असे का झाले? मैदानात बसायला हिंमत लागते. ती बायकांजवळ होती. निवडणुकीला उभे राहायला पैसा लागतो, गाडी लागते, पक्षाचे तिकीट लागते. ते पुरुषांच्या हाती होते. २०१४ साली निवडणुकीच्या कायद्यात एक कलम घातले. पक्षांनी शंभरांत निदान तीस उमेदवार बायका ठेवायचा प्रयत्न करावा, असे त्यात आहे. ‘प्रयत्न करावा’ म्हटले की कोण करतो? २०२२ साली ही अट सक्तीची करणारे विधेयक संसदेत मंजूर झाले. पण राष्ट्राध्यक्षांनी त्याला संमती दिली नाही.

आणि धाकदपटशाही आहे. २०२० च्या डिसेंबरात गबारपोलू भागातून बोतो काने या बाई वरच्या सभागृहासाठी उभ्या राहिल्या. मतपेट्या पळविल्या गेल्या. काही ठिकाणी मतदान पुन्हा घ्यावे लागले. तेव्हा तेथे देवाचा मुखवटा घातलेले सोंग बाहेर काढले. त्या सोंगाकडे बायकांनी पाहायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही, अशी तेथली रूढी आहे. मतदानाच्या वेळीच ते सोंग निघावे, यातली मेख तुमच्या ध्यानात आली असेल. तरीही बोतोबाई मागे हटल्या नाहीत. त्या निवडून आल्या आणि २०२१ साली सभागृहात जाऊन बसल्या.

आता आपल्याकडे पाहू. १९९३ सालापासून आपल्या पंचायतींत निदान एक तृतीयांश जागा बायकांना आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. ‘प्रयत्न करावा’ असे आपला कायदा म्हणत नाही; ‘ठेवाव्यात’ असे म्हणतो. पण काही गावांत सरपंच बाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो, आणि बाई घरी कागदावर न वाचता सही करते. लायबेरियात बायका आहेत, खुर्च्या नाहीत. आपल्याकडे खुर्ची आहे, पण तिच्यात कधी कधी बाई नाही. दोन्हीकडे काम अपुरेच आहे.

ते पुरे कसे होईल? लायबेरियाच्या बायकांनी वाट दाखविली आहे. एकीने जाऊन होत नाही. मैदानात बसणाऱ्या पुष्कळ लागतात. शेजारणीचे पोर धरणारी लागते. आपल्याच बाईला जाब विचारणारी लागते. आणि सोंगाला न भिता अर्ज भरणारी लागते. पुरुषांनाही यात काम आहे. अबूबकर यांनी दार अडविणाऱ्या बायकांना हाकलले नाही; त्यांचे ऐकून घेतले. घरच्या पुरुषाने ग्रामसभेच्या दिवशी चूल सांभाळली, तर तेवढ्यानेही एक बाई सभेला जाऊन बसेल.

गोष्ट संपली तेव्हा रात्र झाली होती. आजींनी कंदील उचलला आणि विचारले,

“गुरुजी, आपली ग्रामसभा कधी हाय?”

तारीख आम्ही फळ्यावर लिहिली. आजींनी ती एक एक अक्षर लावून स्वतः वाचली.

विचार करा

१. मैदानात बसलेल्या बायकांनी सारखे पांढरे कपडे का घातले?
२. बाजारवाल्या बायका आधी नाव नोंदवायला का आल्या नाहीत? ती अडचण कशी सुटली?
३. लेमा बोवी यांनी एलेनबाईंवर टीका केली. तुम्हांला ते योग्य वाटते का?
४. तुमच्या मागच्या ग्रामसभेला किती बायका होत्या? किती बोलल्या? मोजून वहीत लिहा.

नवे शब्द

यादवी – एकाच देशातल्या लोकांची आपसांतली लढाई
मध्यस्थ – दोन पक्षांत बोलणी घडवून आणणारा
करार – दोघांनी कबूल करून सह्या केलेला कागद
निर्वासित – घरदार सोडून पळावे लागलेला
उमेदवार – निवडणुकीला उभा राहणारा किंवा राहणारी
विधेयक – कायदा होण्यापूर्वीचा मसुदा